हाळीला ओ

आधीच सांगते, राग माझ्या नाकावर असतो. आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, छबूबाईंनी, हे हळदीच्या दिवशीच ओळखलं होतं. "पोरगी गोड हाय, पर तापली की तव्यावानी," असं त्या शेजारच्या रंगुकाकूंच्या कानात म्हणाल्या. रंगुकाकूंच्या कानात बोललेलं सगळ्या वस्तीला ऐकू जातं, तसं ते मलाही ऐकू आलं. त्या सोमवारी मात्र मी तापले ते उगीच नाही. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, आणि हसून हसून पोटातही दुखतं.

आमची वस्ती पारनेरच्या अलीकडे माळावर आहे. मोजकी घरं, एकेक आपापल्या वावरात, मधे कांदा आणि डाळिंब. माझा नवरा अंगद शेती बघतो, मी पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर. लग्नानंतर दोन वर्षं तो इथं आणि मी तिकडं. एका खोलीत चौघीजणी, मेसचा डबा, आणि शनिवारची एसटी. रविवारी संध्याकाळी तो मला फाट्यावर सोडायला यायचा. "जा, नीट जा," एवढंच म्हणायचा. राहा म्हणाला नाही कधी. मला वाटायचं, ह्याला काही वाटतच नाही की काय! एसटीत बसल्यावर रागानं मी त्याला फोनही करायची नाही.

मग कंपनीनं आमच्या टीमला घरून काम करायची परवानगी दिली. पुण्यात आमच्या मॅनेजर माधुरी मॅडम, भिंगारमध्ये समर्थ, नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला आमचा कल्याण, आणि मी इथं. ऑफिसात आम्हाला 'नगरी टीम' म्हणायचे आणि म्हणताना नाक मुरडायचे. मी परत येणार म्हटल्यावर अंगद काही बोलला नाही, पण खताच्या गोण्या ठेवायची खोली त्यानं रिकामी केली, तिला चुना मारला, खिडकीला जाळी बसवली, इन्व्हर्टर आणला आणि छपरावर चढून इंटरनेटची डबी लावली. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली फरशीचा तुकडा सरकवून म्हणाला, "बघ, हलतं का." नाही हलत. आजही नाही.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! मी कॅमेऱ्यासमोर बसले की आत्या मागून यायच्या, पदर नीट करायच्या आणि मॅडमना विचारायच्या, "जेवलात का?" एकदा तर रंगुकाकू भर मीटिंगमध्ये वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर घेऊन तिथंच बसल्या. मी त्यांना म्हणाले, "काकू, माझं काम चाललंय." तर म्हणाल्या, "चालू दे की बाई, मी काय तुजा हात धरलाय व्हय?" कप्पाळ!

दार लावून घ्यायचं म्हटलं तर तेही नाही. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. दिवसा दार लावलेलं दिसलं की लोकांना वाटतं घरात भांडण आहे, नाहीतर दुखणं, नाहीतर त्याच्याही पलीकडचं काही.

आणि दुसरी गोष्ट हाळीची. वावरातून घराकडे, घरातून वावराकडे, ह्या वस्तीवरून त्या वस्तीवर, सगळा कारभार हाळीवर चालतो. "निकेऽऽ!" अशी मला हाळी आली की जिथं असू तिथून "ओऽऽ!" म्हणायचं. काम नंतर, आधी ओ. ओ आली नाही तर दुसरी हाळी. तिसऱ्या हाळीलाही ओ आली नाही, तर हातातलं टाकून पळत सुटायचं. कारण विहिरीत पडलेला माणूस ओ देत नाही. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, देत नाही. आमच्या वस्तीवर दोन माणसं त्यामुळंच वाचलीत, म्हणून ही गोष्ट कुणी थट्टेवारी नेत नाही. फक्त एक आहे, बाईनं नवऱ्याला नावानं हाळी द्यायची नाही. "अवो" म्हणायचं. मग चार वावरांतले चार 'अवो' वळून बघतात, तो भाग वेगळा.

हे सगळं मला आधी गावंढळ वाटायचं. पण टीमचं काम सुरू झालं तसं वेगळंच दिसायला लागलं. ऑफिसात शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्यावरून कळतं, झालं का नाही. घरून काम करताना चेहरा कुठला? मी निरोप टाकायचा, "समर्थ, हे तपास." त्यानं वाचायचं, मनातल्या मनात 'बरं' म्हणायचं आणि गप्प बसायचं. मला वाटायचं वाचलं नाही, मी पुन्हा तेच काम करायची, मग तो म्हणायचा, अगं मी केलं की! असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी मीटिंगमध्ये ओरडले, "अरे, ओ तरी देत जा रे! आमच्या वस्तीवर बकरीसुद्धा ओ देते!"

समर्थ हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. पण दुसऱ्या दिवशी माझ्या निरोपाखाली त्यानं लिहिलं, "ओ." कल्याणनं लिहिलं, "ओऽऽ." मग तो नियमच झाला. वाचलं की एक ओ, काम संपलं की दुसरी ओ. गप्प राहणं म्हणजे हो नाही. काय सांगू, महिनाभरात आमची गाडी अशी पळायला लागली की ऑफिसातलं मुरडलेलं नाक सरळ झालं!

आता त्या सोमवारचं. दवाखान्यात रोग्यांचे नंबर लावायचं ॲप आम्ही बनवतो. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या सगळ्या शाखा त्या दिवशी जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर न्यायच्या होत्या. क्रम साधा होता. कल्याणनं आधी जुन्या नोंदींची पूर्ण प्रत काढून ठेवायची. मग मी बटण दाबायचं, की नवी सिस्टीम सुरू आणि जुनी पुसली जाणार. मग समर्थनं तपासायचं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "हे घरून सुरळीत झालं तर तुमची टीम कायम घरून. जरा जरी गोंधळ झाला, तर एक तारखेपासून सगळे ऑफिसात."

समर्थची बायको भिंगारच्या शाळेत शिकवते. कल्याणचे वडील अंथरुणाला खिळलेले. आणि मी? मी पुन्हा बॅग भरायची, पुन्हा मेसचा डबा, पुन्हा फाटा. आदल्या रात्री मी अंगदला विचारलं, "जावं लागलं तर?" तो म्हणाला, "तर जा. काम महत्त्वाचं." माझा असा संताप झाला म्हणता! कूस बदलून झोपले.

पण सकाळी उठले ती अंगात वारं भरल्यासारखीच. काय होईल ते होईल, आज दाखवून देऊ, असं झालं होतं! आत्यांनी हातावर दही ठेवलं. मी सगळ्यांना बजावलं, "आज मला कुणी काही विचारायला यायचं नाही."

"व्हय गं, कळलं," आत्या म्हणाल्या आणि कांद्याच्या लागणीला वावरात गेल्या. रंगुकाकू आणि बाकीच्या बायकाही होत्या. घरामागंच वावर, त्यांची गाणी, हसणं, रोपांवरून भांडणं, सगळं सरळ माझ्या माईकमध्ये येत होतं. मॅडम म्हणाल्या, "निकिता, जत्रा आहे का तिकडे?" मग मी उठले, दार लावलं, कडी घातली आणि कानाला हेडफोन चढवला. पहिल्यांदाच त्या घरातलं दार भर दिवसा लागलं.

स्क्रीनवर मॅडम, समर्थ आणि हॉस्पिटलचे एक डॉक्टर, पिकलेल्या केसांचे, सारखं घड्याळ बघणारे. कल्याणचा सकाळी निरोप आला होता, "प्रत काढायला घेतली. ओ." त्यानंतर काही नाही. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका मात्र दिसत होता.

"झालं का?" डॉक्टरांनी विचारलं. "बारा वाजता आमचे रोगी यायला लागतात."

"कल्याण काही बोलला नाही, म्हणजे झालंच असेल," मॅडम म्हणाल्या. "निकिता, दाब."

आता मला सांगा, नियम कुणी केला होता? मी! आणि त्या घडीला मला तो आठवला का? छे! डॉक्टर बघत होते, साहेब मागून ऐकत असतील, आपण किती चटपटीत आहोत ते दाखवायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. माझं बोट बटणावर गेलं.

आणि धाडकन दार तुटलं.

कोयंडा उडून माझ्या टेबलाखाली गेला. दारात अंगद, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पहार. त्याच्यामागं आत्या, हातात खुरपं. त्यांच्यामागं रंगुकाकू आणि लागणीच्या सगळ्या बायका, मातीच्या हातांनी, धापा टाकत. मी हेडफोन काढला तर आत्या किंचाळत होत्या, "जित्ती हाय! जित्ती हाय गं माजी बाय!"

"काय झालं?" मी ओरडले.

"तुलाच काय झालं! तीन हाळ्या घातल्या, ओ न्हाई! आन् दार लावल्यालं! आमी काय समजायचं?"

"पण हाळी कशाला दिलीत?"

"दही लागू पडलं का, येवढंच इचारायचं हुतं," आत्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसून रडायला लागल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्क्रीनवर डॉक्टर आ वासून बघत होते, समर्थनं तोंडावर हात धरला होता, आणि मॅडम लालेलाल. "निकिता, हे काय चाललंय? ह्यासाठीच साहेब म्हणत होते, ऑफिसात बसवा म्हणून! मी आता त्यांना काय सांगू?" माईक चालू, आणि हेडफोनची पिन निघाल्यानं स्पीकरही चालू. सगळ्यांनी ऐकलं. अंगदनं ऐकलं. त्यानं हातातल्या पहारीकडे बघितलं, मग तुटलेल्या दाराकडे, आणि वावराकडे निघून गेला.

मी सगळ्यांना बाहेर काढायला तोंड उघडलं, एवढ्यात आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "बोलली असतीस येकदा, तर कशाला आलो असतो? मानूस गप झाला की जीव न्हाई ऱ्हात गं."

माणूस गप्प झाला की. मी झटक्यात मागं फिरले आणि बटणावरचं बोट असं उचललं, जसं तापल्या तव्यावरून उचलतात.

"मॅडम, कल्याणची ओ आली नाही."

"निकिता, आता पुरे!"

"नाही मॅडम. प्रत काढायला घेतली अशी ओ आली. संपली अशी नाही आली. मी दाबणार नाही."

"पण ठिपका हिरवा आहे ना?"

"ठिपका काय, आमच्या मोटारीवरचा दिवापण हिरवा असतो, पाणी येतंच असं नाही!" हे मी मॅडमना बोलले. खरंच बोलले. मग कल्याणला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. समर्थनं लावला. तेच. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. समर्थ म्हणाला, "भिंगारहून बेलापूरला गाडीवर निघालो तरी दोन तास."

"बेलापूर?" दारातून रंगुकाकू म्हणाल्या. "आगं, त्ये माजं माह्यार हाय की!"

देवा! बाई साखर मागायला येऊन बसते तेव्हा आपण कपाळाला हात लावतो, आणि तिचं माहेर असं ऐन वेळी उगवतं! रंगुकाकूंनी मातीच्या हातानंच कमरेचा मोबाईल काढला आणि भावाला फोन लावला. त्यांचा भाऊ आप्पासाहेब, बाजारपेठेत किराणा दुकान. काकूंना फोनवर हळू बोलणं माहीत नाही, त्यामुळे पुण्यालाही सगळं ऐकू गेलं.

"आप्पासाहेब, कम्प्युटरवाला कल्याण ठाऊक हाय का रं? ज्याचं वडील आजारी हायती?"

"मागच्या आळीत ऱ्हातो. का गं?"

"पळ! त्यो ओ देईना!"

एवढंच. का, कशाला, काही विचारलं नाही हो त्या माणसानं! गिऱ्हाईक सोडून पळाला. फोन चालूच होता. चपलांचा फटफट आवाज, कुणीतरी "काय झालं, काय झालं" विचारतंय, कुत्रं भुंकतंय. माझ्या खोलीत बायका, स्क्रीनवर डॉक्टर आणि मॅडम, सगळे श्वास रोखून. मग आप्पासाहेबांची हाळी आली, मोबाईल फुटेल अशी, "कल्याऽऽण!"

काही नाही.

"कल्याऽऽण!"

आणि लांबून, वरून कुठून तरी, बारीकसा आवाज आला, "ओऽऽ!"

आमच्या खोलीत जो गलका झाला! आत्यांनी माझ्या पाठीत धपाटाच घातला. समर्थ टाळ्या वाजवत होता. आणि डॉक्टर, सकाळपासून घड्याळ बघणारे डॉक्टर, खुर्चीतून अर्धे उठले होते.

कल्याण गच्चीवर होता, रेंज शोधत. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली होती, त्याच्या मोबाईलच्या कंपनीचंही नेटवर्क त्याबरोबर गेलं होतं. प्रत अर्ध्यावर थांबलेली. आप्पासाहेबांच्या फोनवर तो धापा टाकत म्हणाला, "निकिता, दाबलं नाहीस ना? दाबलं असतंस तर निम्म्या रोग्यांच्या नोंदी गेल्या असत्या!"

स्क्रीनवर मॅडम ग्लासभर पाणी प्यायल्या.

मग आप्पासाहेबांच्या मोबाईलचं इंटरनेट घेऊन कल्याणनं उरलेली प्रत पुरी केली. तेवढा वेळ लागणीच्या बायका माझ्या दारातच बसून होत्या, हलल्या नाहीत. निरोप आला, "प्रत संपली. तपासली. ओऽऽ." मी मोठ्यानं वाचून दाखवला आणि बटण दाबलं. समर्थनं तपासलं. "सगळं बरोबर. ओ!" बारा वाजता हॉस्पिटलच्या पहिल्या रोग्याचा नंबर नव्या सिस्टीमवर लागला तेव्हा रंगुकाकूंनी विचारलं, "बरा हाय का त्यो मानूस?"

दुपारी मॅडमचा फोन आला. मी उभीच राहिले. "डॉक्टरांनी स्वतः साहेबांना फोन केला," मॅडम म्हणाल्या. "म्हणाले, ऑफिसात बसलेल्या लोकांनी आमच्यासाठी आजवर दार तोडलेलं नाही. निकिता, तुमची टीम घरूनच काम करणार. कायम. आणि ऐक, मी सकाळी जे बोलले ते..." पुढचं मी ऐकलंच नाही.

मी अंगणात पळाले. आत्या लागणीवर परत गेल्या होत्या. अंगद पार त्या टोकाला, डाळिंबाच्या बांधावर, माझ्याकडे पाठ करून उभा. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यानं दार तोडलं, मॅडमचं बोलणं ऐकलं आणि गेला, एवढंच. मला 'अवो' वगैरे काही सुचलं नाही.

"अंगदऽऽ!"

लागणीच्या बायका थिजल्या. सुनेनं नवऱ्याला नावानं हाळी दिली! तो हलला नाही. ओ नाही.

"अंगदऽऽ!"

ओ नाही. आत्या उभ्या राहिल्या. रंगुकाकूंनी रोपांची जुडी खाली टाकली. पायांतली सगळी ताकद गळ्यात आणून मी तिसरी हाळी दिली, "अंगदऽऽ! मी राहणाऽऽर!"

बायका पळायच्या बेतात होत्या, तेवढ्यात बांधावरून आवाज आला. फाटलेला, रडका, पण सगळ्या माळाला ऐकू जाईल असा.

"ओऽऽ!"

मी चपला न घालताच धावले, वाफे तुडवत, आत्या मागून "रोपं! आगं रोपं!" ओरडत होत्या. जवळ गेले तर त्याचे डोळे लाल. माझा राग कुठला थांबतोय! "दोन हाळ्या ऐकू आल्या नाहीत का?"

"आल्या की," तो म्हणाला. "पण ओ दिली असती तर तू जातेस ते ऐकावं लागलं असतं."

मी दोन वर्षं एसटीत बसून ज्याच्यावर रुसत होते तो हा माणूस. त्याच्या चिखलाच्या शर्टात तोंड खुपसून मी भर वावरात मोठ्यानं रडले, आणि लागणीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

संध्याकाळी तो हातोडा आणि नवा कोयंडा घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे, लावू नकोस.